चंद्रकोरीबाबत

पाणीवाल्या बाईंची कविता छापून आली आहे, ही बातमी सगळ्यात शेवटी पाणीवाल्या बाईंनाच कळली. त्या वेळी त्या फ्रीजच्या दाराचे रबर जुन्या टूथब्रशने घासत होत्या. कविता छापून आल्याच्या क्षणी कवयित्रीने काय करत असावे याचे काही संकेत असतील, तर त्यांत हे नक्कीच बसत नसावे.

"अहो, पत्ता लागू दिला नाहीत हो!" समोरच्या वहिनी दारातूनच ओरडल्या. "आम्ही काय परके?"

"कसला पत्ता?"

"आता भोळेपणाचं सोंग पुरे. सतराव्या पानावर आहात तुम्ही. तुमच्या यजमानांनी खाली पत्रपेटीपाशी मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांना. दुसऱ्या मजल्यावरचे तर म्हणाले, आता या बाईंशी जिन्यात जपून बोलायला हवं."

आपण सतराव्या पानावर आहोत असे अचानक कळले, की शहाणा माणूस आधी हात धुतो. बाईंनी हात धुतले, पुसले, चष्मा घातला. तेवढ्यात यजमान वर आले. त्यांच्या हातात त्रैमासिक होते आणि चेहऱ्यावर, लग्नानंतर इतक्या वर्षांनी घरात काहीतरी नवीन सापडल्याचा आनंद.

सतरावे पान असे होते:

चंद्रकोरीबाबत

कोर संध्याकाळी पश्चिमेला असते.
पूर्वेला नसते.
पूर्वेला असल्यास ती पहाटे असते.
तेव्हा बहुतेक लोक झोपलेले असतात.
कृपया तपासून पाहावे.

खाली बाईंचे पूर्ण नाव. बाजूला एका पानगळ झालेल्या झाडाचे चित्र. त्या झाडाचा चंद्राशी, बाईंशी किंवा कशाशीच संबंध नव्हता.

"हे माझं पोस्टकार्ड आहे," बाई म्हणाल्या.

"होतं," यजमान म्हणाले. "आता साहित्य आहे."

येथे थोडा खुलासा करणे भाग आहे. पाणीवाल्या बाई पाणी विकत नसत. शहराचे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावरही कोणाच्या घरी पाण्याचा पेला हातात आला, की तो उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय त्या ओठाला लावत नसत. त्यामुळे काही नातेवाईक दुरावले होते. प्रयोगशाळेत अहवाल लिहिण्याची एक शिस्त होती: एका ओळीत एकच विधान. "पाणी गढूळ आहे" ही एक ओळ. "पिऊ नये" ही दुसरी. दोन्ही एकाच ओळीत लिहिले, तर वाचणारा अर्ध्यावर वाचणे सोडतो आणि पाणी पितो, असे त्यांचे जुने साहेब सांगत. बाईंना ही शिस्त इतकी अंगवळणी पडली होती, की लेकीला पत्र लिहितानाही त्या "आम्ही बरे आहोत" लिहून खालच्या ओळीवर उतरत.

त्रैमासिकाशी त्यांचा संबंध आला तो चष्म्यामुळे. जवळचे दिसेनासे झाले, म्हणून त्या बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर दुकानदाराने त्यांच्या हातात बारीक टायपाचा एक अंक दिला. "हे वाचता येतंय का बघा."

बाई वाचू लागल्या. दुकानदार "ठीक आहे" म्हणाले. बाई वाचतच राहिल्या. दुकानदाराने चष्मा पुसायचे फडके घडी करून ठेवले, पुन्हा उलगडले. शेवटी बाईंनी मान वर केली आणि विचारले, "ती विहिरीत उतरली, इथे पान फाटलंय. पुढे काय झालं?"

दुकानदाराने काउंटरचा आधार घेतला. ते त्या त्रैमासिकाचे संस्थापक आणि संपादक होते, आणि पुढे काय झाले असे त्यांना आजवर कोणीही विचारले नव्हते.

त्याला कारणही तसेच होते. या त्रैमासिकाची पद्धत अशी, की आपले लेखन स्वीकारले गेले की माणूस कृतज्ञतेने वर्गणीदार होई. साहजिकच जितके लेखक तितके वर्गणीदार. (त्रैमासिक म्हणजे खरे तर तीन महिन्यांनी निघणारे. हे निघावेसे वाटले की निघे.) अंक आला की प्रत्येक जण आपले पान उघडे, आपले नाव बरोबर छापले आहे ना ते पाही, आणि अंक मिटून टाके. बाईंनी चष्म्याबरोबर वर्गणीही भरली, पण त्यांना स्वतःचे पान नव्हते. त्यामुळे त्यांना सगळा अंक वाचावा लागे. त्या पहिल्या पानापासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचत. रविवारची दुपार, खिडकीजवळची खुर्ची, यजमान शब्दकोड्यात बुडालेले, आणि आपल्याला कोणी काही विचारत नाही: बाईंना आयुष्यात याहून जास्त काही नको होते.

त्या दुपारचा घात केला विमाकवींनी. विमाकवी म्हणजे दिवसा विम्याचे हप्ते गोळा करणारे आणि संध्याकाळी त्रैमासिकाचे उपसंपादक असणारे गृहस्थ. आलेले टपाल तेच उघडत. मागच्या अंकातल्या त्यांच्या कवितेत, एका कातर संध्याकाळी, गॅलरीत एकटे बसले असताना, समोर पूर्वेला एक नाजूक चंद्रकोर उगवली होती.

बाईंनी ती ओळ वाचली आणि त्या थांबल्या. पुढची कथा त्यांनी दोनदा सुरू केली, दोनदा सोडली. पायात खडा घेऊन चालता येते, पण मजा येत नाही.

"अगं, कवीला दिशा नसते," यजमान म्हणाले होते.

"पण चंद्राला असते," बाई म्हणाल्या होत्या. आणि त्यांनी पोस्टकार्ड लिहिले होते. एका ओळीत एकच विधान.

*

छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमाकवी बिस्किटांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले. आपण या माणसाची चूक काढली, तो भांडायला आला असणार, या समजुतीने बाईंनी आधी साखळी लावूनच दार उघडले.

"ताई," विमाकवी फटीतून म्हणाले, "माझ्या कवितेला कोणी कवितेनं उत्तर देईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

"ते उत्तर नव्हतं. त्यात एक चूक होती, ती कळवली."

"चूक!" विमाकवींनी दाराच्या चौकटीला डोके टेकले. "सगळी चूकच तर होती."

माणूस रडवेला झालेला पाहून बाईंनी साखळी काढली. त्याला बसवले, आणि गैरसमज मुळापासून दूर करावा म्हणून टेबलावरचा दिवा लावून हातात एक लिंबू धरले. दिवा म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे चंद्र, तुमचे डोके म्हणजे पृथ्वी. पाण्याच्या नमुन्याबद्दल नवीन मुलींना समजावत, तितक्याच शांतपणे त्यांनी समजावले.

"बघा, कोर दिसते तेव्हा सूर्य जवळच असतो, एका बाजूला. सूर्य पश्चिमेला मावळत असेल तर कोरही तिकडेच."

"म्हणजे ती बाकीची अंधारात आहे यात..." विमाकवींनी लिंबाकडे बोट केले, "यात कुणाचाच दोष नाही?"

"नाही. सूर्य तिकडे आहे, बस."

"सूर्य तिकडे आहे, बस," विमाकवी पुटपुटले आणि त्यांनी विम्याच्या पावतीपुस्तकाच्या मागे काहीतरी लिहून घेतले. जाताना ते लिंबूही घेऊन गेले.

त्यानंतर आले समीक्षक. ते शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक होते आणि त्यांच्या समीक्षेला त्या व्यवसायाचा वास येई, असे त्यांचे विरोधक म्हणत.

"तुमची चौथी ओळ!" ते बूट काढता काढताच म्हणाले. "'तेव्हा बहुतेक लोक झोपलेले असतात.' अख्ख्या समाजाच्या पाठीवर कोरडा ओढलात तुम्ही."

"पण असतात ना झोपलेले," बाई म्हणाल्या. "पहाटेची गोष्ट आहे."

"हीच ती निर्दयता! आणि मग शेवटी 'कृपया तपासून पाहावे'. करकचून ब्रेक! मागच्या सगळ्या गाड्या एकमेकींवर आदळतात."

"कोणत्या गाड्या?"

समीक्षकांनी यजमानांकडे पाहिले. "यांना कळतच नाही हो, यांनी काय केलंय. खऱ्या प्रतिभेचं हेच लक्षण."

आपल्याला कळत नाही हे लक्षण आहे, असे सांगणाऱ्या माणसाशी वाद कसा घालावा, हे कोणत्याही प्रयोगशाळेत शिकवत नाहीत. बाईंनी चहा केला. समोरच्या वहिनींनी मध्येच डोकावून सल्ला दिला, की आता केस असे घट्ट बांधू नका, फोटो लागेल. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी जिन्यात "नमस्कार" म्हणून भिंतीला अंग चोरून वाट दिली. रविवार आला आणि बाई खिडकीजवळ अंक घेऊन बसल्या, तर यजमान पहिल्यांदाच शब्दकोडे बाजूला ठेवून त्यांच्याकडे एकटक बघत बसले.

"काय बघताय?"

"काही सुचतंय का ते."

बाईंनी अंक मिटला. हे थांबवलेच पाहिजे होते.

*

दुकानात गेल्या गेल्या त्यांनी संपादकांसमोर मागणी ठेवली: पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापावे, "सतराव्या पानावरील कविता ही कविता नाही."

संपादकांनी दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले. मागच्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्याखाली, त्रैमासिकाचे कार्यालय होते. तिथे ते बसले आणि चष्मा काढून डोळे चोळू लागले. चष्मेवाल्याने चष्मा काढला की प्रकरण गंभीर असते.

"ताई, तुम्ही आमच्या एकमेव वाचक होता."

"म्हणजे?"

म्हणजे असे होते. नियतकालिकांना टपालाचा सवलतीचा दर मिळतो, आणि त्या सवलतीवरच हे त्रैमासिक तगून होते. यंदा सवलतीची मुदत वाढवून घ्यायची वेळ आली, तेव्हा टपाल कचेरीत नवे साहेब आले होते. त्यांनी एका बाजूला वर्गणीदारांची नावे ठेवली, दुसऱ्या बाजूला अनुक्रमणिका ठेवल्या, आणि निष्कर्ष काढला: जे लिहितात तेच घेतात, जे घेतात तेच लिहितात. तेव्हा हे नियतकालिक नसून मित्रांचा आपापसातला पत्रव्यवहार आहे. पत्रांना पत्राचा दर.

"मग मी तुमचं नाव दाखवलं," संपादक म्हणाले. "म्हटलं, या बघा. या काहीही लिहीत नाहीत. नुसत्या वाचतात. साहेबांनाही पटलं. म्हणाले, एक निखळ वाचक असला तरी पुरे, नियमात संख्या दिलेली नाही. आणि त्याच आठवड्यात हा अंक पोस्टात पडला. साहेब काळजीपूर्वक माणूस, त्यांनी उघडून पाहिला."

"सतरावं पान," बाई म्हणाल्या.

"सतरावं पान," संपादक म्हणाले. "सवलत गेली तर हा शेवटचा अंक समजा."

बाई तक्त्याकडे बघत राहिल्या. विहिरीत उतरलेल्या त्या बाईचे पुढे काय झाले हे त्यांना याच खोलीत कळले होते. संपादकांनी जुन्या गठ्ठ्यातून तो अंक शोधून दिला होता. खिडकीजवळची खुर्ची आता रिकामी राहणार, आणि तीही आपल्याच अक्षरामुळे.

"दुसरा वाचक शोधू," त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या शहरात एक मिळणार नाही?"

समीक्षकांनी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी काढली. तिला दोन्ही बाजूंना ब्रेक होते. संपादक शेजारी बसले आणि भीतीने दर चौकात आपल्या बाजूचा ब्रेक दाबत राहिले, त्यामुळे शोध सावकाश चालला.

शेजारचा टेलर आनंदाने तयार झाला. "वाचीन की! सबंध वाचीन." मग त्याने शिवणयंत्राच्या खणातून कापडाचे तुकडे काढले, त्याखालून कागद काढले. त्याच्या गझला होत्या. दातांचे डॉक्टर म्हणाले, "मी फक्त वाचणार. शब्द देतो." मंडळी जिना उतरत होती तेवढ्यात वरून आवाज आला, "प्रवासवर्णन चालतं का हो?" आणि खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटने हात वर केला. त्याला बोलता येत नव्हते, पण कापूस काढल्यावर कळले की त्याच्याकडे एक एकांकिका होती. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "मी आहे ना! अगदी नुसती वाचीन. तशी माझी एक कादंबरी पडून आहे, पण तिची घाई नाही."

बाई चक्रावून गेल्या. इतकी वर्षे त्या या माणसांकडून कपडे शिवून घेत होत्या, दात दाखवत होत्या, आणि कोणाच्या खणात काय आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. पाणी असे असते तर त्यांनी लगेच नोंदवले असते: वरून स्वच्छ, तळाशी गाळ.

"मला का कोणी विचारत नाही?" घरी यजमान दुखावल्या स्वरात म्हणाले. "मी घरचाच माणूस."

"तुम्ही कधी काही लिहिलेलं नाही ना?"

यजमान शब्दकोड्यात डोके घालून बसले. बऱ्याच वेळाने कोड्यातून आवाज आला, "दोन वर्षांमागे अंकात 'हास्यतुषार' सदर होतं ना. 'एक हसरा' या नावानं."

बाईंना ते सदर आठवले. त्याच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते.

"तो तुम्ही होतात?"

"तुला हसू आलं नव्हतं?" यजमानांनी विचारले. बाईंनी फ्रीजचे दार उघडून रबर तपासायला घेतले.

*

शेवटी एकच मार्ग उरला. बाईंनी स्वतः साहेबांपुढे उभे राहून आपण लेखिका नाही हे सिद्ध करायचे. आपण चोर नाही हे सिद्ध करता येते, विवाहित नाही हेही. पण लेखक नाही हे सिद्ध करणारा कागद कोणती कचेरी देते, हे कोणालाच सांगता येईना.

टपालाचे साहेब उंच, किडकिडीत गृहस्थ होते. केबिनच्या खिडकीला जाड पडदा होता. ते एक वाक्य बोलत, थांबत, मग दुसरे बोलत. बाईंना हा माणूस लगेच आवडला.

"प्रश्न एकच आहे," साहेब म्हणाले. "पान सतरा. ही कविता आहे का?"

"छापली म्हणजे आहेच," संपादक अभिमानाने म्हणाले, मग त्यांना सवलत आठवली. "म्हणजे, नाही."

"आहे!" समीक्षक उभे राहिले. "हवी तर सवलत काढून घ्या, पण..." संपादकांनी टेबलाखालून लाथ मारली. ती विमाकवींना लागली. ते "आई गं" म्हणाले, आणि साहेबांनी तेही लक्षपूर्वक ऐकले.

मग साहेब बाईंकडे वळले. "तुम्ही कवी आहात का?"

"नाही. मी पाणी तपासत असे."

"पाणी तपासणाऱ्याला कविता करण्याची मनाई आहे?"

"मनाई नाही. वेळ नसतो."

साहेबांनी अंक हातात घेतला आणि पाचही ओळी मोठ्याने वाचल्या. पार्सलावरचा पत्ता वाचावा तशा सपाट आवाजात, प्रत्येक ओळीनंतर थांबून. बाहेर शिक्के मारणाऱ्याचा हात थांबला. "कृपया तपासून पाहावे" झाल्यावर साहेबांनी अंक मिटला. आपलेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून बाईंनी कधी ऐकले नव्हते.

"यातलं खरं किती?" साहेबांनी विचारले.

"सगळं."

"सगळं? आणि तपासता येतं?"

"त्यात तसं लिहिलंच आहे," बाई म्हणाल्या. "आजच येईल. आणखी थोड्या वेळानं. आकाश मोकळं असेल तर."

साहेबांनी विचार केला. "तपासून खरं निघालं तर ती सूचना. 'ओला रंग, हात लावू नये' यासारखी. सूचना लिहिणारा लेखक नव्हे. खरं नाही निघालं तर कविता, आणि सवलत बंद."

अशा रीतीने एका त्रैमासिकाचे प्राण चंद्राच्या हाती गेले. सगळे जण कचेरीच्या गच्चीकडे निघाले. विमाकवी सगळ्यात मागे राहिले. बाई बरोबर ठरल्या तर त्यांची कविता खोटी पडणार होती, आणि चूक ठरल्या तर ती छापायला त्रैमासिकच उरणार नव्हते. कशासाठी प्रार्थना करावी हे न कळल्याने ते पायऱ्या चढताना एक पायरी दोनदा चढले.

गच्चीवर मोडक्या खुर्च्या, एक जुना काउंटर आणि पाण्याची टाकी होती. साहेब ठामपणे एका बाजूला तोंड करून उभे राहिले. "ही पूर्व. माझ्या केबिनची खिडकी याच बाजूला आहे. पूर्वाभिमुख केबिन म्हणूनच मला ती दिली."

"खिडकीला पडदा का लावलाय?" बाईंनी विचारले.

"रोज संध्याकाळी ऊन तोंडावर येतं."

मग साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडले. ते दुसरीकडे वळले, पुन्हा पहिलीकडे वळले, आणि म्हणाले, "म्हणजे ही पश्चिम?"

"ही पश्चिम."

पश्चिमेला नेमका ढग होता. करडा, रुंद, बूड टेकून बसल्यासारखा. संपादकांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. समीक्षक म्हणाले, "हा ट्रॅफिक सुटायचा नाही." बाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या विधानाबद्दल धाकधूक वाटली. विधान बरोबर होते. पण बरोबर असणे आणि दिसणे यांच्यामध्ये ढग असतो, हे प्रयोगशाळेत कधी लक्षात आले नव्हते.

कोणीतरी "गेलं आता" म्हणाले आणि त्याच वेळी ढगाची कड सरकली. पाण्याच्या टाकीच्या वर, तारेसारखी बारीक, कोर होती.

एवढ्या जणांनी मिळून चंद्रावर इतके लिहिले होते, पण एकत्र उभे राहून तो बहुधा पहिल्यांदाच बघत होते.

"पण मी खरंच बघितली होती हो," विमाकवी हळूच म्हणाले. "माझ्या गॅलरीतून."

"तुमची गॅलरी कुठल्या बाजूला?"

"मोठ्या रस्त्याच्या."

"मग बरोबर बघितलीत. मोठा रस्ता पश्चिमेला आहे."

"मग मी पूर्वेला का लिहिलं?" विमाकवींनी आठवून पाहिले. "आधीच्या ओळीत 'अपूर्व' होतं. त्याला जुळेना दुसरं काही."

"चंद्र पश्चिमेस आढळला," साहेब अधिकृत स्वरात म्हणाले. पण ते खाली उतरले नाहीत. "मी इथे आल्यापासून पडदा ओढून बसतोय," ते कोणालाच उद्देशून नव्हे असे म्हणाले.

*

काही दिवसांनी टपालाने दाखला आला. सवलत मिळाली. संपादकांनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना त्या आनंदात चष्म्याच्या दांड्या फुकट घट्ट करून दिल्या. शुद्धिपत्र छापायचे ठरले.

बाई पुन्हा नुसत्या वाचक झाल्या. विमाकवी रस्त्यात भेटले की "नमस्कार ताई" म्हणून पुढे जात, थांबत नसत. समीक्षक गाडीतून हात करत. दुसऱ्या मजल्यावरचे जिन्यात पूर्वीसारखे धक्का मारून जाऊ लागले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे नव्हतीच का ती कविता? मला वाटलंच होतं. यमक कुठे होतं त्यात?"

बाईंनी जे सगळ्यांना पटवून देण्यासाठी जिवाचा आटापिटा केला होता, ते सगळ्यांना पटले होते. आणि का कोण जाणे, त्यांना पाहिजे तितके बरे वाटत नव्हते.

नवा अंक आला. रविवारची दुपार होती. बाई खिडकीजवळ बसल्या, पहिल्या पानापासून सुरुवात केली. टेलरच्या गझला होत्या, दातांच्या डॉक्टरांचे प्रवासवर्णन होते (क्रमशः). शुद्धिपत्र शेवटच्या पानावर गेले होते. आणि सतराव्या पानावर, त्याच पानगळ झालेल्या झाडाशेजारी, हे होते:

दाखला

सदर बाई लेखिका नाहीत.
तशी चौकशी करण्यात आली.
चौकशीअंती चंद्र पश्चिमेस आढळला.
सबब बाई वाचक आहेत.
पुढील आदेश होईपर्यंत.

खाली साहेबांचे नाव होते. हुद्दा गाळला होता.

बाईंनी तडक विमाकवींना फोन लावला. "अहो, हा सरकारी कागद आहे!"

"फाइललाच लावायला घेतला होता ताई," विमाकवी म्हणाले. "पण वाचला आणि हात थांबला. दाखला म्हणून उत्तम आहे, पण कविता म्हणून त्याहून उत्तम आहे."

"साहेब रागावतील."

"साहेबांनी जादा प्रती मागवल्यात. वर्गणी पण भरली. पुढच्या अंकासाठी मजकूर कधीपर्यंत पाठवायचा, विचारत होते. म्हणाले, पडदा काढल्यापासून बरंच काही सुचतंय. समीक्षक तर म्हणतात, शेवटच्या ओळीत गाडी थांबते पण इंजिन चालू राहतं."

बाईंनी फोन ठेवला. चष्मा नीट केला. दाखला पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला. त्रैमासिकातली कुठलीही कविता त्यांनी कधी तीनदा वाचली नव्हती. त्यांचा हात टेबलाच्या खणाकडे गेला. तिथे कोरी पोस्टकार्डे होती. खण थोडा उघडला गेला. मग त्यांना अनुक्रमणिका आठवली, सवलत आठवली, चष्मा काढून डोळे चोळणारे संपादक आठवले. त्यांनी खण लावून टाकला.

"कशी आहे गं?" यजमानांनी कोड्यातून विचारले.

"शेवटची ओळ चांगली आहे," बाई म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझी जास्त चांगली होती."

यजमानांनी मान वर केली. "पण तुझी तर सूचना होती ना?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि पान उलटून त्यांनी अठरावे वाचायला घेतले.